बॅटरी बदलण्यापूर्वी

गोव्यात म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात सकाळी जी मिरची, जे टोमॅटो आणि जी पालेभाजी विकावयास बसते, तिच्यातील बराच भाग आदल्या रात्री बेळगावकडून घाट उतरलेला असतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या मार्गाने साखळीकडे जाणाऱ्या गाड्या मध्यरात्रीनंतर भरल्या जातात. निपाणीच्या बाजूने राधानगरी आणि फोंडाघाट या मार्गाने कोकणात उतरणारा माल असतो, तसाच तवंदीचा घाट चढून संकेश्वर, बेळगावकडे जाणाराही असतो. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखून धरला, त्या काळी शेतातला माल पेठेपर्यंत यावयाचा तो मुख्यतः बैलगाडीने. पुढे १९८८ साली टाटांची टाटामोबाईल आली, मग टाटा २०७ आली, महिंद्रांचे पिकअप आले, आणि बैलगाडीचे काम या छोट्या मालगाड्यांनी हळूहळू आपल्याकडे घेतले. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे झालेले असे पिकअप आजही या भागात राबताना दिसतात. मालक बदलतात, रंग बदलतो. गाडी तीच असते.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या गाड्यांच्या एका जुनाट दुखण्याविषयी. रात्री दोन वाजता हौद्यात भाजी भरलेली आहे, दोरखंड आवळून झाले आहेत, चालक चावी फिरवतो आणि इंजिनातून फक्त 'टक्' असा आवाज येतो. किंवा तोही येत नाही. आमच्याकडे याला 'सेल्फ उचलत नाही' असे म्हणतात. बैल रुसला तर शेजाऱ्याचा मागून आणता येत असे. भरलेला पिकअप रात्री दोन वाजता कोणी उसना देत नाही. पहाटेचा बाजार चुकला की पालेभाजीचे मोल दुपारपर्यंत निम्म्यावर येते, आणि तो तोटा ज्याच्या पदरी पडतो तो बहुधा दुसऱ्या तोट्यास तोंड देण्याच्या स्थितीत नसतो.

अशा वेळी जमलेल्या चारचौघांचा निर्णय ठरलेला असतो: 'बॅटरी गेली.' दुसऱ्या दिवशी पाच-सात हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते. चार-आठ दिवस गाडी नीट चालते आणि पुन्हा एका पहाटे तोच 'टक्'. मग सेल्फ खोलून आर्मेचर भरून घेतले जाते. पुन्हा पैसे. मला असे म्हणावयाचे नाही की बॅटरी कधी जातच नाही. ती निश्चितच जाते. पण जुन्या गाड्यांत या दुखण्याचे मूळ बॅटरीत जितके असते तितकेच, किंबहुना अधिक वेळा, बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणाऱ्या आणि सेल्फपासून बॅटरीकडे परत येणाऱ्या वाटेवरील एखाद्या सैल, गंजलेल्या जोडात असते. तो जोड शोधून काढावयास अर्धा तास लागतो आणि दुरुस्त करावयास बहुधा शंभर-दोनशे रुपयांच्या वर लागत नाहीत.

हे असे का होते, हे समजण्यासाठी सेल्फ म्हणजे काय ते आधी पाहू. मोटारगाडीच्या पहिल्या काळात इंजिन हातातील हँडल फिरवून चालू करीत. आपल्यातील वृद्ध मंडळींनी जुन्या जीपला आणि ट्रकला पुढून हँडल मारताना पाहिले असेल. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडावयाचे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विजेचा सेल्फ तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीवर तो प्रथम बसून आला. याच केटरिंगने त्यापूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसविली होती. गल्ल्याचा खण उघडावयास मोटर क्षणभरच फिरावयाची असते. म्हणून ती लहान असली तरी तिच्याकडून तिच्या ताकदीपलीकडचे काम घटकाभर करून घेता येते. सेल्फचे सारे तत्त्व तेच. एका मोठ्या तांब्याएवढी मोटर एवढे जड डिझेल इंजिन फिरविते, पण फार तर दहा सेकंद. म्हणूनच चावी दाबून धरून मिनिटभर सेल्फ मारीत राहणे म्हणजे त्याला जाळून टाकणे होय. दहा सेकंद मारावा, अर्धा-एक मिनिट थांबावे, मग पुन्हा.

एवढे काम क्षणात करावयाचे तर वीजही तशीच लागते. पिकअपचे दोन्ही हेडलाईट मिळून नऊ-दहा अँपिअर ओढतात. डिझेल इंजिन फिरविताना सेल्फ दोनशे ते चारशे अँपिअर ओढतो. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे अर्धे कोडे सुटते. पाटाच्या पाण्याचा दाखला घ्या. पाटात कोठेतरी गाळ साचून वाट अरुंद झाली आहे; परसातल्या चार झाडांना पुरेल एवढी बारीक धार त्यातून विनातक्रार जाते, आणि पाट भरलेला दिसतो. पण उसाच्या फडाला पाणी सोडले की फड कोरडा राहतो आणि अडलेल्या जागेच्या वरच्या बाजूला पाणी तुंबते. विजेचेही तसेच.

जॉर्ज ओम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. समजा, बॅटरीच्या खुंटावरील जोडात गंजामुळे एका ओमचा शंभरावा भाग एवढा अडथळा निर्माण झाला आहे. दिव्यांचे दहा अँपिअर त्यातून जाताना व्होल्टचा फक्त दहावा भाग हरवतो. दिव्याला आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच जोडातून सेल्फ तीनशे अँपिअर ओढू पाहील तर तीन व्होल्ट तेथेच खर्च होतील. बाराच्या बॅटरीतून तीन गेले, बॅटरीचे स्वतःचे दोन-एक उतरले. सेल्फच्या वाट्याला जे उरते त्याने इंजिन कसे फिरणार? आणि ते तीन व्होल्ट गेले कोठे? तीनशेने गुणले तर नऊशे वॉट होतात. ही जवळजवळ एका विजेच्या इस्त्रीची उष्णता झाली, ती त्या एवढ्याशा जोडात. 'दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, मग बॅटरीच्या वायरीत दोष कसा असेल?' असे जे विचारले जाते, त्याचे उत्तर हे आहे. दिवे आणि हॉर्न ही सेल्फची परीक्षा घेऊच शकत नाहीत. सेल्फची परीक्षा सेल्फ ओढत असतानाच घ्यावी लागते.

आता ही परीक्षा अंधारात, हातात काही उपकरण नसताना कशी घ्यावयाची ते सांगतो. प्रथम गाडी न्यूट्रलमध्ये आणावी, हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा. गाडीच्या समोर कोणी उभे राहू नये. मग हेडलाईट लावावेत. समोर भिंत असल्यास उत्तम. एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून दिव्यांकडे पाहावे. दिवे जे काही करतील त्यावरून दोष कोठे आहे त्याची दिशा कळते.

चावी फिरविताच दिवे एकदम विझल्यासारखे झाले आणि चावी सोडताच पुन्हा उजळले, तर बॅटरीच्या खुंटावरील जोड पाहावा. तेथेच पाणी तुंबले आहे. दिवे पुष्कळ मंद झाले, इंजिन कण्हत-कण्हत अर्धा फेरा फिरले आणि थांबले, किंवा टकटकटक असा ताशा वाजू लागला, तर बॅटरी उतरली असण्याचा संभव मोठा. क्वचित इंजिन किंवा सेल्फ आतून जड झालेला असतो. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले आणि आवाज मुळीच आला नाही, तर मुख्य करंट सुटलाच नाही असे समजावे: चावीचा स्विच, रिले असल्यास रिले, किंवा सेल्फवरील सोलनॉइडला जाणारी बारीक वायर निघालेली असते. पुष्कळदा ही वायर केवळ टोकाशी सैल झालेली असते आणि हाताने दाबून बसविली की गाडी चालू होते. दिवे लख्ख राहिले आणि एकच ठसठशीत 'टक्' झाला, तर सोलनॉइडने आपले काम केले पण करंट मोटरीतून गेला नाही. सेल्फ घुंई करून नुसताच फिरला आणि इंजिन हलले नाही, तर विजेला दोष देऊ नये. बेंडिक्स झिजला आहे किंवा फ्लायव्हीलच्या कड्याचे दाते त्या जागी गेले आहेत. अशा वेळी गाडी गिअरमध्ये टाकून वीतभर पुढे-मागे ढकलली की दाते बदलतात आणि तेवढ्यापुरते काम होते. अर्थात चावीला हात लावण्यापूर्वी ती पुन्हा न्यूट्रलमध्ये आणली पाहिजे.

त्या एकट्या 'टक्'विषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण सर्वांत जास्त पैसा तेथेच वाया जातो. सोलनॉइड दोन कामे करतो. तो बेंडिक्स पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसवितो आणि त्याच हालचालीत तांब्याचे दोन जाड संपर्क जोडून मोटरीला करंट देतो. हे संपर्क वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी खाल्ले जातात. मग टक् होतो आणि पुढे काही होत नाही. मोटरीतील कार्बन झिजले तरी तेच होते. सेल्फच्या अंगावर हातोड्याच्या लाकडी दांड्याने हलकेच टकटक केले आणि तो एकदा चालून गेला, तर कार्बन संपत आले आहेत असे खुशाल समजावे. ही युक्ती शास्त्रशुद्ध आहे, पण ती दोन-चार वेळांपुरतीच. तेवढ्यात कार्बन बदलून घ्यावेत.

पण याच टक्चे तिसरे एक कारण आहे, आणि माझ्या पाहण्यात ते सर्वांत उपेक्षित आहे. ते म्हणजे इंजिनाचा अर्थ. बॅटरीच्या धन खुंटाकडून निघालेली लाल, जाड केबल सर्वांना दिसते. परत येणाऱ्या वाटेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वीज सेल्फमधून इंजिनाच्या धातूत उतरते आणि तेथून तिला बॅटरीच्या ऋण खुंटाकडे परत जावयाचे असते. इंजिन तर रबरी गाद्यांवर बसविलेले असते आणि रबर विजेला वाट देत नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी बांधलेली असते. ती गाडीच्या पोटाखाली, चिखल, ऑईल आणि पाणी यांच्यात असते. खानापूर, जांबोटी या भागात पाऊस कसा पडतो ते मी आपणांस सांगावयास नको. त्यात तांबडी माती, आणि वर सर्व्हिसिंगच्या नावाखाली जोराच्या फवाऱ्याने होणारे स्नान. पट्टीच्या तारा एकेक करून तुटतात, बोल्टाखाली गंज धरतो. हेडलाईटची परतीची वाट बॉडीतून आणि चासीतून असल्याने त्यांना या पट्टीशी कर्तव्य नसते. ते लख्खच राहतात. सेल्फ मात्र टक् करून थांबतो. मालक म्हणतो, 'दिवे तर चांगले आहेत, म्हणजे सेल्फच गेला.' आणि सेल्फ खोलला जातो.

क्लच पूर्वी काढून पुन्हा बसविताना ही पट्टी खाली सोडली जाते आणि जोडावयाची राहून जाते, असेही पुष्कळ वेळा होते. काम झाल्यावर एखादा बोल्ट उरला तर बहुधा तो हिचाच! अशा गाडीत एक विलक्षण गोष्ट घडते. परतीची राजरोस वाट नाहीशी झाल्यावर वीज आडवाट शोधते, आणि ती आडवाट म्हणजे ॲक्सिलरेटरची तार किंवा क्लचची केबल. चालकाच्या हाताला ती तार गरम लागते, क्वचित तिच्यावरील वेष्टनातून धूर येतो, आणि काही दिवसांनी ती आखडते किंवा तुटते. मग नवी केबल बसविली जाते आणि तीही जळते. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची तार तापली, तर दुसरे काही न पाहता गाडीखाली जाऊन अर्थची पट्टी पाहावी.

उपकरण नसताना आणखी एक साधन आपल्याजवळ असते. ते म्हणजे आपला हात. चार-पाच वेळा सेल्फ मारून झाल्यावर चावी काढून घ्यावी आणि बॅटरीचे दोन्ही खुंट, केबलींची टोके, सेल्फवरील बोल्ट, चासीवरील अर्थचा बोल्ट यांना एकामागून एक बोट लावून पाहावे. मघाशी सांगितलेली ती इस्त्री येथे सापडते. बाकी सर्व थंड आणि एकच जोड गरम असेल, तर दुसरा पुरावा नको. बोट जपून लावावे. चटका बसू शकतो.

ज्याच्याजवळ मल्टिमीटर आहे त्याला तर हे काम पाच मिनिटांचे आहे. दोन-चारशे रुपयांत मिळणारे हे यंत्र प्रत्येक पिकअपच्या खणात असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. देवाच्या फोटोशेजारी त्याला जागा मिळावयास हरकत नाही. बहुतेक लोक त्याने फक्त बॅटरीचे व्होल्ट मोजतात आणि बारा दिसले की समाधान मानतात. खरा उपयोग वेगळा आहे. मीटर डी. सी. व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटाच्या शिशावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरावे, आणि दुसऱ्याला सेल्फ मारावयास सांगावे. काटा किंवा आकडा व्होल्टच्या दोन-तीन दशांशांच्या आत राहिला तर परतीची वाट ठीक आहे. एक व्होल्ट, दोन व्होल्ट दिसले तर तेवढे वाटेत हरवत आहेत. मग इंजिनावरील टोक चासीवर आणावे, तेथून केबलीच्या थिंबलवर आणावे. ज्या पायरीवर आकडा एकदम घसरतो तिच्या अलीकडेच दोष असतो. धन बाजूलाही हेच: एक टोक बॅटरीच्या धन खुंटावर आणि दुसरे सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. येथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालून जाते. टोक खुंटाच्या शिशावरच टेकवावे, वरच्या क्लँपवर नव्हे. कारण दोष पुष्कळदा शिसे आणि क्लँप यांच्या मधल्या करड्या थरातच असतो.

आमच्या सीमाभागातील गॅरेजांत ही सारी चर्चा मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत एकाच वाक्यात चालते. अन्य बाबतींत येथे शब्दावरून वाद होतात, पण 'सेल्फ', 'अर्थ', 'करंट' आणि 'कार्बन' या शब्दांवर कोणाचाच हक्क नाही आणि म्हणून सर्वांचाच आहे. मिस्त्री चिक्कोडीचा असो की गडहिंग्लजचा, त्याला 'अर्थचा ड्रॉप बघा' म्हटले की समजते. तसे म्हणणारे गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटते, हा भाग निराळा.

आता बॅटरीविषयी. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही पेटी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली तयार केली आणि तिचे तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. रात्रभर विश्रांती घेतलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली, आणि ११.८ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण व्होल्टपेक्षा खरे बोलतो तो हायड्रोमीटर. झाकणे उघडता येत असतील तर प्रत्येक घरातील पाण्याची घनता पाहावी. सगळीकडे १.२६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. सगळीकडे सारखीच १.१५ असेल तर ती नुसती उतरलेली आहे. चार्ज करावी, टाकून देऊ नये. पाच घरांत १.२५ आणि एकाच घरात १.१० आढळली, तर ते घर गेले आणि त्याच्यासकट बॅटरीही गेली. तेथे मात्र पैसे वाचविण्यात अर्थ नाही. सेल्फ मारताना खुंटांवर ९.६ व्होल्टच्या खाली आकडा जात असेल आणि बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असेल, तरीही निष्कर्ष तोच, मात्र सेल्फ आतून अडकलेला नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

बॅटरी चांगली असून रोज उतरत असेल तर ती भरते आहे की नाही ते पाहावे. इंजिन चालू असताना खुंटांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असावयास पाहिजेत. नसतील तर आधी अल्टरनेटरचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो ढिला असल्याने अल्टरनेटर बदलल्याची उदाहरणे कमी नाहीत. भरणे ठीक असेल तर रात्रीतून कोणीतरी चोरून पीत आहे. टेप, मागून जोडलेले रंगीत दिवे, हौद्यातील बल्ब यांच्या वायरी बहुधा चावीच्या आधीच्या करंटवर जोडलेल्या असतात. सारे बंद करून ऋण केबल काढावी आणि खुंट व केबल यांच्यामध्ये लहान टेस्ट लॅम्प लावावा. लॅम्प उजळला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला लॅम्प विझेल त्या वाटेवर चोर आहे.

डिझेलच्या गाड्यांत या विजेच्या दोषाला आणखी एक सोंग घेता येते. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. इंजिन पुरेशा वेगाने फिरले तरच ती उष्णता साठते. हळू फिरले तर हवा पिस्टनच्या कडांतून निसटते आणि उष्णता सिलिंडरच्या भिंतीत मुरते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. पौष-माघातल्या पहाटे ऑईल घट्ट झालेले असते आणि थंड बॅटरीचे बळही कमी झालेले असते. अशा वेळी इंजिन फिरते पण पेटत नाही, आणि मंडळी पंप, नोझल, हवा धरणे यांच्या मागे लागतात. त्यापूर्वी ते किती वेगाने फिरते आहे इकडे कान द्यावा.

आता ज्या सवयींनी माणसे जायबंदी होतात त्यांच्याविषयी. सेल्फचा भरवसा नाही म्हणून गाडी नेहमी उतारावर उभी करून चाकाला दगड लावावयाचा आणि निघताना दगड काढून उतारावर गिअर टाकावयाचा, हा प्रकार आमच्याकडे सर्रास चालतो. घाटात तो प्राणघातक आहे. या गाड्यांच्या ब्रेकला इंजिनामुळे निर्माण होणाऱ्या व्हॅक्यूमचे साहाय्य असते. इंजिन बंद असताना ते साहाय्य एक-दोन वेळा पाय दाबल्यावर संपते आणि भरलेली गाडी थांबविण्यास पायाची सारी ताकदही अपुरी पडते. इंजिन पहिल्या प्रयत्नात चालू झाले नाही, तर पुढे चोर्ल्याचे वळण असते. ज्या गाडीला उतार लागतो ती गाडी घाटात नेऊ नये, एवढे कठोरपणे सांगितलेच पाहिजे.

सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरून ठिणगी पाडणे हा दुसरा प्रकार. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती पुढे उडी घेते, आणि स्क्रू-ड्रायव्हर धरणारा बहुधा चाकाशीच बसलेला असतो. तिसरा प्रकार, चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून 'अल्टरनेटर चार्ज करतो का' ते पाहणे. डायनामोच्या जमान्यातील मिस्त्री हे करीत आणि खपूनही जाई. अल्टरनेटरमधील डायोड त्या एका क्षणात जळतात. नव्या, संगणक बसविलेल्या गाड्यांत तर त्याहून महाग वस्तू जळतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो हेही विसरू नये. विडी शिलगावून बॅटरीत पाणी पाहणारा मनुष्य डोळ्यांशी खेळत असतो. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून चालू करताना धनाला धन जोडावे आणि ऋण केबलीचे शेवटचे टोक आपल्या बंद गाडीच्या बॅटरीवर न लावता तिच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावावे, म्हणजे शेवटची ठिणगी वायूपासून लांब पडते.

दोष सापडल्यावरचे काम सोपे आहे, पण ते क्रमाने करावे. केबल काढताना ऋण आधी, लावताना ऋण शेवटी. नाहीतर पाना बॉडीला टेकून मोठी ठिणगी पडते. खुंटावरील पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी. सोडा घरांच्या आत जाऊ देऊ नये. शिसे आणि क्लँपची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासावी, जोड आवळावा, आणि त्यानंतर वरून व्हॅसलिन लावावे. आधी व्हॅसलिन फासून मग जोड बसविण्याची घाई करू नये. थिंबलमध्ये केबलीच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर थिंबल कापून मागची लाल तार दिसेपर्यंत केबल सोलावी आणि नवे थिंबल दाबून घ्यावे. अर्थच्या पट्टीखाली चासीचा रंग खरवडून काढावा, कारण रंगावर आवळलेला बोल्ट दिसावयास घट्ट असतो पण वीज त्यातून नीट जात नाही. दातेरी वायसर घालावा आणि पट्टी थोडी ढिली सोडावी, म्हणजे इंजिन हादरताना ती ताणून तुटणार नाही. हे झाले की पुन्हा हेडलाईट लावून सेल्फ मारून पाहावा. दिवे किंचित मंदावतील; तेवढे मंदावणे रीतीचेच आहे.